'लव्हिंग व्हिन्सेंट' की 'शार्लट': चित्रकाराच्या आयुष्यावरचा एकच अ‍ॅनिमेशनपट दाखवायचा असेल तर

2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला आणि जगभरचे चित्रपट पणजीपर्यंत आले. परंतु महोत्सव आटोपल्यावर फोंड्याचे एखादे वाचनालय, पेडण्याचे एखादे सांस्कृतिक मंडळ किंवा डिचोलीच्या हायस्कुलातील कलाशिक्षक स्वतःच्या बळावर चित्रपट दाखवायचे ठरवतात, तेव्हा सभागृह एका संध्याकाळपुरतेच मिळते आणि निवडही एकाच चित्रपटाची करावी लागते. चित्रकाराच्या जीवनावरील अ‍ॅनिमेशनपट हवा असेल, तर 2017 चा 'लव्हिंग व्हिन्सेंट' आणि 2021 चा 'शार्लट' या दोहोंचा विचार आधी करावा. दोन्ही साधारण दीड तासाचे आहेत आणि दोन्ही अकाली संपलेल्या आयुष्यांवरचे आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग सदतिसाव्या वर्षी गेला आणि शार्लट सालोमन सव्विसाव्या वर्षी मारली गेली. साम्य येथेच संपते. एका चित्रपटाकडे जे विपुल आहे तेच दुसऱ्याकडे कमी आहे, आणि म्हणून कोणासाठी कोणता हे नीट ठरवूनच निवड करणे योग्य होईल.

'लव्हिंग व्हिन्सेंट'ची कीर्ती त्याच्या घडणीमुळे झाली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डोरोटा कोबिएला या पोलिश दिग्दर्शिकेने ह्यू वेल्चमन यांच्यासह तो केला. आधी नटांना घेऊन चित्रीकरण झाले आणि मग त्या आधारे सुमारे 125 चित्रकारांनी व्हॅन गॉगच्या शैलीत सुमारे 65,000 चौकटी (फ्रेम) तैलरंगात रंगवल्या. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी बारा चित्रे लागत. एक चित्र पूर्ण करायचे, त्याचे छायाचित्र घ्यायचे, मग त्याच कॅनव्हासवर जेवढा भाग हललेला दाखवायचा तेवढा खरवडून पुन्हा रंगवायचा आणि पुन्हा छायाचित्र घ्यायचे, असा तो क्रम होता. याचा परिणाम वाचून कळत नाही, तो पाहावाच लागतो. आर्मां रूलँ हा तरुण नुसती मान वळवतो, तेव्हा 1888 साली आर्ल येथे व्हॅन गॉगने रंगवलेल्या व्यक्तिचित्रातला तो पिवळा कोट खांद्यापाशी जिवंत होतो. रंगाचे जाड लेप जागा बदलतात, एक फटकारा दुसऱ्याखाली जातो आणि दुसऱ्याच क्षणी वेगळ्या दिशेने उमटतो. चित्रकला हे हाताचे काम आहे, हे विद्यार्थ्याला तासभर सांगूनही जे पटत नाही, ते या कोटाकडे पाहून मिनिटभरात पटते.

कथेच्या बाबतीत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. काळ 1891 चा, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षाचा आहे. पोस्टमन रूलँ आपल्या मुलाला, आर्मांला, व्हिन्सेंटचे एक न पोहोचलेले पत्र घेऊन त्याचा भाऊ थिओ याच्याकडे पाठवतो. थिओही वारल्याचे पॅरिसमध्ये कळते आणि आर्मां ओव्हेर या गावी जाऊन खाणावळवाल्याची मुलगी, नावाडी, डॉक्टर गाशे, त्यांची मुलगी अशा एकेकाला प्रश्न विचारू लागतो. प्रत्येकाची हकिगत वेगळी निघते आणि भूतकाळ कृष्णधवल चित्रांतून उलगडतो. हळूहळू चरित्रपटाची शोधकथा होते आणि व्हिन्सेंटने स्वतःवर गोळी झाडली की ती दुसऱ्या कोणाच्या हातून सुटली, हाच प्रश्न पुढे येतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चरित्राने ही दुसरी शक्यता मांडली होती, परंतु बहुतेक अभ्यासकांना ती मान्य नाही आणि चित्रपटही ठाम निष्कर्ष काढत नाही. माझा आक्षेप यापेक्षा मूलभूत आहे. सत्ताविसाव्या वर्षी चित्रकलेकडे वळून दहा वर्षांत साडेआठशेच्या आसपास तैलचित्रे करणारा आणि भावाला लिहिलेल्या शेकडो पत्रांतून रंगांविषयी विलक्षण बारकाईने बोलणारा हा माणूस. त्याच्या आयुष्यातून चित्रपटाने उचलले ते शेवटचे काही दिवस आणि एक गोळी. प्रत्येक चौकट ज्याच्या कुंचल्याला वंदन करते, तो काय विचार करून रंगवत होता, हे येथे फारसे कळत नाही. लोक त्याच्याबद्दल बोलतात. तो स्वतः कमी बोलतो.

'शार्लट'मध्ये हे उलट आहे, आणि या चित्रपटाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण व्हॅन गॉग मराठी वाचकाला परका नाही, शार्लट सालोमनचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. तिचा जन्म 1917 सालचा, बर्लिनमधील एका सुस्थित ज्यू घरातला. वडील शल्यचिकित्सक होते. ती आठ-नऊ वर्षांची असताना आईने आत्महत्या केली, पण तिला सांगण्यात आले की आई तापाने गेली. सावत्र आई पाउला लिंडबर्ग नामवंत गायिका होती आणि तिच्यामुळे घरात संगीत आले. नाझी राजवटीतही शार्लटला बर्लिनच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला, पण शिक्षण पूर्ण होऊ शकले नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंवर झालेल्या हिंसाचारानंतर वडिलांना छळछावणीत नेण्यात आले आणि पुढे 1939 मध्ये तिला आजी-आजोबांकडे दक्षिण फ्रान्सला पाठवण्यात आले. तेथे आजीनेही जीव दिला. आईचा मृत्यू कसा झाला आणि या घराण्यात किती जणांनी स्वतःला संपवले, हे तिला तेव्हा आजोबांच्या तोंडून कळले. आपणही त्याच वाटेने जाणार की काय, या भीतीला तिने चित्रांनी उत्तर दिले. 1942 पर्यंत तिने तेराशेहून अधिक चित्रे रंगवली आणि त्यांतली 769 निवडून, क्रम लावून 'जीवन? की नाट्य?' ही कृती सिद्ध केली. हे सारे काम गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंगांत, जेमतेम वहीच्या आकाराच्या कागदांवर आणि तांबडा, निळा, पिवळा व पांढरा एवढ्याच रंगांत केलेले आहे. लाल मातीचा थर खरवडून खालचा चुना उघडा करणारी कावी ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पाहिली आहे, त्यांना मोजक्या रंगांची ही ताकद वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

चित्रपट हे आयुष्य सरळ, कालक्रमाने सांगतो. एरिक वारँ आणि ताहिर राणा यांनी तो दिग्दर्शित केला असून इंग्रजी आवृत्तीत शार्लटला किरा नाइटलीचा आवाज आहे आणि फ्रेंच आवृत्तीत मारिऑन कोतियारचा. त्याचे बळ असे की शार्लट सतत काही करत असते, पाहत असते, रेखाटत असते आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेत असते. आजोबांशी असलेल्या कडवट नात्याकडेही चित्रपट डोळेझाक करत नाही. नाझी अत्याचारांवरील कथांत नायिकेला केवळ बळी म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती येथे मोडते. पुढे काय होणार हे माहीत असूनही प्रेक्षकाचे लक्ष तिच्या कामावर राहते. सप्टेंबर 1943 मध्ये तिला पतीसह पकडण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये ऑशवित्झला तिची हत्या झाली. त्या वेळी ती गरोदर होती.

उणीव आहे ती रेखाटनात, आणि ती लहान नाही. सालोमनची मूळ कृती स्वतःच चित्रपटाच्या जवळ जाणारी आहे. चित्रे ठरावीक क्रमाने येतात, सुरुवातीच्या चित्रांवर मजकुराचे पारदर्शक कागद ठेवलेले आहेत, कोणत्या प्रसंगाला कोणती धून हे तिनेच सुचवले आहे, आणि एकाच कागदावर तीच व्यक्ती जिना उतरताना, दाराशी, खिडकीपाशी अशी अनेकदा दिसते. इतकी धीट सामग्री हाताशी असताना चित्रपटाने स्वच्छ रेषा, सपाट रंग आणि देखणे चेहरे अशी नेहमीची द्विमितीय शैली स्वीकारली आहे. मधूनमधून तिची चित्रे पडद्यावर आकार घेतात, तेव्हा चित्रपट काय होऊ शकला असता याची कल्पना येते आणि हळहळ वाटते. हे रेखाटन पाहून कला महाविद्यालयाचा विद्यार्थी तंत्र शिकेल असे मला वाटत नाही.

म्हणून प्रेक्षक कोण, हे प्रथम ठरवावे. पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकणारी किंवा त्या वाटेवर असलेली मुले समोर असतील, तर 'लव्हिंग व्हिन्सेंट' निःसंकोच दाखवावा, कारण कथेची उणीव त्यांना जाणवली तरी रंगलेपन पाहून त्यांचे हात शिवशिवतील. गावातल्या चित्रशाळेत गणपतीच्या मूर्ती घडवणारे आणि रंगवणारे कारागीरही याच चित्रपटाला आवर्जून बोलवावेत, मात्र चतुर्थीच्या आधीचे दोन महिने टाळावेत, कारण त्या दिवसांत त्यांना मान वर करायलाही सवड नसते. याउलट निरनिराळ्या वयांचे, वाचणारे आणि चित्रपटानंतर थांबून बोलणारे लोक येणार असतील, तर 'शार्लट' निवडावा. आणि प्रेक्षकांचा काहीच अंदाज नसताना मला एकच निवडायचा झाला, तर मी 'शार्लट'च निवडेन. चित्रे का काढावीत, या प्रश्नाला तो भिडतो. चित्रकार कसा मेला, या प्रश्नावर अडून राहत नाही.

आणखी एका कारणाने 'शार्लट' गोव्यात अधिक बोलका ठरेल. अटकेच्या आधी शार्लटने आपली चित्रे दक्षिण फ्रान्समधल्या गावातल्या डॉक्टर मोरिदिस यांच्या स्वाधीन केली आणि हे माझे सारे आयुष्य आहे, ते सांभाळा, असे सांगितले. ती सांभाळली गेली म्हणून आज अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात आहेत. व्हिन्सेंटची चित्रे व पत्रेही थिओच्या पत्नीने जोहानाने जपली आणि जगापुढे आणली, पण 'लव्हिंग व्हिन्सेंट'मध्ये ती शेवटाकडे एका पत्राच्या निमित्तानेच येते. आपल्याकडेही असेच घडले आहे. गोव्यातल्या सांतइस्तेव्हला जन्मलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी येशूच्या आईला, मेरीला, भारतीय स्त्रीच्या वेषात रंगवले, त्यासाठी रोष पत्करला आणि आयुष्याचा मोठा काळ पुण्यात काढला. 1967 मध्ये त्यांच्या निधनानंतर पत्नीने जपलेली त्यांची चित्रे पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आली. चित्रकाराच्या मागे त्याचे काम कोण जपते, या विषयावर आपल्याकडे बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि 'शार्लट'नंतर ते बोलणे सहज सुरू होऊ शकते.

तिसरा पर्याय म्हणून 2015 चा जपानी 'मिस होकुसाई' सुचवला जातो. केइची हारा दिग्दर्शित हा चित्रपट विख्यात चित्रकार होकुसाईच्या मुलीवर, म्हणजे स्वतः उत्तम चित्रकार असलेल्या ओ-एईवर आहे. 1814 च्या एदो शहरातले तिचे दिवस सुट्या प्रसंगांतून येतात आणि अंध धाकट्या बहिणीचे प्रसंग फार हळुवार झाले आहेत. मात्र सलग कथा नसल्याने आणि मूळ संवाद जपानी असल्याने, ते तसेच दाखवल्यास, सगळा वेळ उपशीर्षकांवर डोळे ठेवावे लागतात. सवयीच्या प्रेक्षकांसाठी तो चांगला, पहिल्याच कार्यक्रमासाठी मी तो सुचवणार नाही.

वयाचा विचार गांभीर्याने करावा. 'लव्हिंग व्हिन्सेंट' आणि 'शार्लट' या दोन्हींत आत्महत्या केंद्रस्थानी आहे आणि अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांचे, या समजुतीने लहान मुलांना बसवणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. नववीच्या पुढच्या मुलांना दाखवायचा असल्यास आधी आणि नंतर शिक्षकांनी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. सभागृहाचाही प्रश्न आहे. खिडक्यांच्या पडद्यांतून उजेड आत येत असेल तर 'लव्हिंग व्हिन्सेंट'चे कृष्णधवल प्रसंग फिके पडतील, रंगीत भाग मात्र तग धरेल. सेकंदाला बाराच चित्रे असल्याने त्यात सतत थरथर असते आणि ती काहींच्या डोळ्यांना त्रासदायक होते, म्हणून वृद्ध प्रेक्षकांना मागच्या रांगांत जागा द्यावी. दोन्ही चित्रपटांचे इंग्रजी संवाद सर्वांना सारखे समजतील असे नाही, तेव्हा आरंभी दहा मिनिटे मराठीतून पात्रांची व काळाची ओळख करून द्यावी. 'शार्लट' दाखवणार असाल तर त्याच दहा मिनिटांत तिची पाच-सहा मूळ चित्रेही पडद्यावर दाखवावीत. अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयाने ती संपूर्ण कृती संकेतस्थळावर खुली ठेवली आहे, आणि ती चित्रे आधी पाहिली असली की चित्रपटाच्या रेखाटनातली उणीव प्रेक्षक स्वतःच भरून काढतात. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची परवानगी लागते आणि घरी पाहण्यासाठी घेतलेली प्रत त्यासाठी चालत नाही, म्हणून तारीख जाहीर करण्यापूर्वी ती परवानगी लेखी मिळवावी.