हायडेलबर्ग की वेस्टमिन्स्टर: आजच्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) कुठलं?

दोन्ही ख्रिस्ती विश्वास मांडणारे जुने दस्तऐवज, दोन्ही रिफॉर्म्डच (म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या कॅल्व्हिनच्या परंपरेतले), पण सूर वेगळा. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी १५६३ ची, १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले, आणि पहिलाच प्रश्न थेट काळजाला हात घालतो की जगताना-मरताना तुझं एकमेव सांत्वन काय, तर मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे... आजारी माणसाच्या उशाशी बसून हे वाचता येतं बघा, म्हणून मला तीच जवळची वाटते. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचं मुद्देसूद निवेदन, १६४६ चा, ३३ अध्याय, सुरुवातच पवित्र शास्त्रापासून, एकेक शब्द तोलून वापरलेला. शिकवण भरकटायला लागली की हाच कामी येतो. नवीन विश्वासणाऱ्याच्या हातात मात्र आधी हायडेलबर्ग द्या, वेस्टमिन्स्टर पाळक आणि मंडळीच्या वडिलांनी (एल्डरांनी) एकत्र बसून सावकाश वाचावा.