कुशादासी, तुर्की: मोकळा दिवस मागून घ्याच

नाशिकहून तुर्कीच्या ज्या ग्रुप टूर निघतात त्यात इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्कले आणि मधे एक मुक्काम कुशादासी असं ठरलेलं असतं, आणि लोकं कुशादासीला नुसतं रात्री पाठ टेकायचं गाव समजतात. माझं उलट मत आहे, बुकिंग करतानाच इथे एक दिवस मोकळा मागून घ्या.

आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही, बाकी व्यवस्था चांगली होती) सकाळी इफेसस (प्राचीन ग्रीक-रोमन शहराचे अवशेष) घाईघाईत उरकलं आणि नंतर सगळ्यांना लेदर शोरूममध्ये नेऊन बसवलं, फॅशन शो काय, फुकट चहा काय. अहो नाशिकच्या थंडीला स्वेटर पुरतो, लेदर जॅकेट घालून काय सोमेश्वरच्या देवळात जायचंय? त्याच वेळात इफेससचं २५ हजार माणसांचं थिएटर नीट बघून झालं असतं. हे इफेसस एकेकाळी बंदर होतं बरं का, नदीच्या गाळाने भरत भरत समुद्र काही किलोमीटर मागे गेला. (गाळाचं दुखणं गंगापूर धरणवाल्या आपल्याला काय नवीन सांगायचं!) म्हणून आता क्रूझ कुशादासीला लागतात आणि तिथून लोकं गाडीने इफेससला येतात, साधारण २० किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रुप सोडून पायी फिरलो, तो दिवस वसूल. बंदराजवळच १६१८ सालची दगडी कारवाँसराय आहे, किल्ल्यासारखी दिसते, पण ती जुन्या व्यापाऱ्यांची उतरायची जागा. तिथून समुद्राच्या कडेकडेने गुवर्जिनआदा नावाच्या छोट्या बेटावर चालत जाता येतं, मधे बांधीव रस्ता आहे, वर छोटा किल्ला. समोर ग्रीसचं सामोस बेट आहे, फेरी जाते पण आपल्याला युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो त्यामुळे लांबूनच नमस्कार. लेडीज बीचला डोल्मुश जाते, म्हणजे आपली शेअरिंगची काळीपिवळीच, फक्त एसीवाली. नाव लेडीज असलं तरी एन्ट्री सगळ्यांना, पाणी स्वच्छ, गर्दी मात्र भरपूर.

खाण्याचं सांगते, कारण सासूबाई प्युअर व्हेज. गोझ्लेमे मागा, तव्यावरची पातळ पोळी, आत बटाटा नाहीतर पालक-चीज, त्यांना इतकी आवडली की परत मागवली. ऑर्डर देताना "एतसिझ" म्हणजे बिनमांसाचं असं आवर्जून सांगा, मसूरच्या सूपलाही विचारून घ्या कारण कधी कधी मटणाचं पाणी असतं. सोबत आयरान, खारट ताक, आपल्याला लगेच जमतं. अगदी बंदरासमोरची हॉटेलं महाग आणि मेन्यू युरोत, दोन गल्ल्या आत शिरा. बाजारात "जेन्युइन फेक वॉचेस" अशी पाटी लावून घड्याळं विकतात, निदान खरं तरी बोलतात! घ्यायचंच तर सुके अंजीर घ्या, हा आयदिन प्रांत अंजिरासाठीच प्रसिद्ध आहे. भाव करा, पहिल्या दुकानात लगेच घेऊ नका.

गावाला पाचपैकी साडेचार, टूरवाल्याला तीन, ते कापलेले मार्क लेदरचे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि क्रूझची झुंबड दोन्ही असतं, जमलं तर मे नाहीतर सप्टेंबरचं बघा.