हिरव्या बाणाचं ऐकलं आणि क्लच प्लेट गेल्या: १२५ सीसी, चौदा महिने, १२,७०० किमी

आधी बिल सांगतो, मग गाडी. क्लच प्लेटचा (इंजिनची ओढ चाकाकडे पोचवणाऱ्या चकत्यांचा) सेट, गॅस्केट, इंजिन ऑइल आणि मजुरी धरून १,९४० रुपये. तेही ९,४०० किलोमीटरला. माझ्या आधीच्या शंभर सीसीच्या गाडीने सोळा वर्षांत एकदाच क्लच प्लेट मागितल्या होत्या, आणि तेव्हाही मी महिनाभर चालढकल केली होती. त्यामुळे लिहिताना जीभ थोडी कडू आहे.

मॉडेलचं नाव मुद्दाम घालत नाही. पाच गेअर, फ्युएल इंजेक्शन आणि आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात त्याचा) काटा नाही, अशी कुठलीही १२५ सीसीची मोटरसायकल समजा. सीट ऐसपैस, सस्पेन्शन बरं, हेडलाइट पावसात कमी पडतो. बाकी सगळं तुम्ही घेण्याआधीच वाचलेलं असतं. मला बोलायचंय ते मीटरच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बाणाबद्दल.

हा बाण ‘वरचा गेअर टाका’ म्हणून लुकलुकतो. शोरूममधला मुलगा म्हणाला, “सर, बाणाप्रमाणे चालवा, ॲव्हरेजला बघायला नको.” ॲव्हरेज हा शब्द कानावर पडला की मी पुढचं ऐकत नाही. तिसऱ्यात तीस झाले की बाण, चौथ्यात चाळीसच्या आसपास पुन्हा बाण. दिसला की टाकला. कराडमध्ये कोल्हापूर नाक्यापासून ऑफिसपर्यंतचा बहुतेक रस्ता मी पाचव्यात काढायचो. रिक्षा आडवी आली, वेग पंचवीसवर आला, तरी पाचवाच. गेअर उतरवायचा कंटाळा, आणि परत चढवताना पेट्रोल जास्त जातं ही माझी ठाम समजूत. गाडी धडधडायला लागली की क्लच अर्धा दाबायचा, जरा रेस द्यायची, ती सावरली की सोडायचा. नऊ-दहा महिने हेच चाललं.

उतरवायच्या कंटाळ्याला आणखी एक कारण होतं. जुन्या गाडीचे चारही गेअर पुढे दाबून पडायचे. हिचा पहिला पुढे, बाकीचे चार टाचेने मागे, आणि उतरवायचे ते परत पुढे दाबून. सुरुवातीच्या आठवड्यात पन्नासच्या वेगात सवयीने पुढे दाबलं, आणि चौथा पडायच्या ऐवजी तिसऱ्याचा दुसरा झाला. मागचं चाक घसरलं, काळजात धस्स झालं. तेव्हापासून पुढे पाय दाबायचा म्हटलं की घोटा आधीच आखडायचा.

मे महिन्यात चिपळूणला सासुरवाडीला गेलो होतो. परत येताना मागे बायको, पुढे टाकीवर आंब्याची पेटी. पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट लागला. तिसऱ्यात गाडी छान चढत होती, तेवढ्यात बाण लुकलुकला. मी आज्ञाधारकपणे चौथा टाकला. वळण आलं, वेग बावीसवर. हाफ क्लच, रेस, नाइलाजाने तिसरा, सावरली. पुन्हा बाण, पुन्हा चौथा, पुन्हा वळण. माथा जवळ आला तेव्हा इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती.

“अहो, काहीतरी जळतंय.”

“ट्रकच्या ब्रेकचा वास असेल.”

मागे-पुढे एकही ट्रक नव्हता. अर्धा तास झाडाखाली थांबलो, मग हेळवाक, पाटण करत हळूहळू घरी आलो. आंबे शाबूत होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये अपेक्षित संवाद झाला. क्लच प्लेट झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, तुम्ही हाफ क्लचवर चालवता, त्यामुळे त्या घासून जळल्या. मी म्हटलं, बाण तुमचा, गेअर बाणाप्रमाणे टाकला. तर म्हणे, “बाण फक्त सजेशन आहे, सर.” मग घाटात ते सजेशन बंद करायचं बटण कुठे आहे? ते नाही. त्या संध्याकाळी मी गाडीला पाचपैकी एक गुण देऊन मोकळा झालो होतो.

आता मत बदललंय, निदान गाडीबद्दल. जुन्या प्लेट मी पिशवीत मागून घेतल्या होत्या (पैसे मोजलेत, भंगारही आपलंच). त्या आमच्या जुन्या मिस्त्रींना दाखवल्या. स्टीलच्या प्लेट निळ्या पडलेल्या बघून ते हसले आणि म्हणाले, “चला, पुढं तुम्ही, मागं मी.” शेजारच्या मलकापूरपर्यंत माझ्या मागे बसून आले. वाटेत एकदाच बोलले: “गाडी कण्हतीय, म्हंजे खालचा गेअर मागतीय. किंचाळाय लागली की वरचा. मीटरकडं काय बघताय?”

रविवारी माहितीपुस्तिकेतले गेअर रेशो आणि टायरचा घेर घेऊन हिशोबाला बसलो. या इंजिनची जास्तीत जास्त ओढ सहा हजार आरपीएमच्या आसपास मिळते. पाचव्यात तीसला ते जेमतेम अडीच हजार फिरतं. तिसऱ्यात चाळीसला पाच हजारांच्या घरात असतं, म्हणजे घाट चढायला जीव तिथेच. बाणाला इंजिनचे फेरे कळतात, मागे बायको बसलीय आणि पुढे चढ आहे हे त्याला कुठून कळणार?

आता पहिला फक्त गाडी हलवायला, दहा-बारापर्यंत. गतिरोधक आणि बाजारपेठ दुसऱ्यात. पंचवीस ते चाळीस तिसरा. गावाबाहेर चौथा, आणि पन्नासला लागल्याशिवाय पाचवा नाही. सपाट मोकळ्या रस्त्यावर, एकटा असेन तर पाचवा पंचेचाळीसलाही चालतो. तिथे बाणाचं फारसं चुकत नाही, हे मान्य करावं लागेल. डबलसीट असलो की सगळे आकडे पाच-सातने पुढे सरकतात. खाली उतरवताना एकेक गेअर, वेग आधी कमी करून. घोटा आता आखडत नाही.

उताराबद्दलही मी मूर्खच होतो. जुन्या गाडीवर घाट उतरताना न्यूट्रल करून इंजिन बंद करायचो, पेट्रोल वाचतं म्हणून. मिस्त्रींनी त्यावर शिवी घातली, ती इथे लिहीत नाही. इंजेक्शनवाल्या गाडीत गेअर टाकलेला असताना थ्रॉटल (म्हणजे रेस) पूर्ण सोडला की इंजिनला पेट्रोल जवळपास बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहतं. म्हणजे चढताना जो गेअर, तोच उतरताना, आणि ते फुकटात! ब्रेकही तापत नाहीत. एवढी वर्षं हे कुणी सांगितलं का नाही?

ॲव्हरेज म्हणाल तर टाकी फुल ते टाकी फुल, वहीत लिहून: बाणाच्या काळात ५८-५९, आता ६०-६१. दोन किलोमीटरच्या फरकात टायरच्या हवेचाही वाटा असेल, कारण आता ती दर पंधरा दिवसांनी भरतो. पण कमी तरी झालं नाही.

गाडीला पाचपैकी चार. बाणाला शून्य. त्यावर मी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला होता. मागच्या सर्व्हिसिंगला गाडी धुताना त्यांनी तो खरवडून काढला आणि बिलात पॉलिशिंगचे साठ रुपये लावले. घरी येऊन नवा लावला. टेपचं रीळ दहा रुपयांचं आहे, अजून बरंच शिल्लक आहे.