फॉरेन्सिकचा ऑनलाइन कोर्स: बाथटबवालं लेक्चर भारी, स्लाइड्स मात्र अमेरिकन

हजाराच्या आतला वीकेंड कोर्स, मराठीतून, शिकवणारे रिटायर्ड फॉरेन्सिकचे डॉक्टर. नाव देत नाही कारण खाली जरा बोललोय.

सर पहिल्यापासून एकच गोष्ट डोक्यात बसवतात, मृत्यूचं कारण वेगळं आणि तो कसा घडला ते वेगळं. बुडून मेला हे कारण झालं, पण पाय घसरला, उडी मारली का कोणी ढकललं हे नुसती बॉडी कापून कळेलच असं नाही.

यावर जॉर्ज जोसेफ स्मिथची केस घेतली आणि तिथेच पैसे वसूल झाले. इंग्लंडमध्ये 1912, 13 आणि 14 अशा तीन वर्षांत याच्या तीन बायका बाथटबमध्ये बुडून मेल्या, अंगावर झटापटीच्या खुणा जवळपास नाहीतच, त्यामुळे प्रत्येक वेळी फिट आली किंवा अपघात म्हणून फाइल बंद. मग तिसरीची बातमी पेपरात वाचून दुसरीच्या वडिलांना संशय आला! पोलिसांनी पट्टीची पोहणारी बाई टबात बसवून तिचे पाय एकदम वर ओढले तर ती क्षणात बेशुद्ध, शुद्धीवर आणताना सगळ्यांची तंतरली. 1915 ला स्मिथ फासावर गेला. एकेक केस सुटी बघितली असती तर सुटला असता की तो.

आगीचं लेक्चरपण चांगलं, श्वासनलिकेत काजळी, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल तर माणूस आगीत जिवंत होता, पण भडका एकदम उडाला तर काजळी नसूही शकते, आणि बॉक्सरसारखे आखडलेले हात उष्णतेने होतात, मारामारीने नाही. (जेवताना बघू नका.)

आता तक्रार. अर्ध्या स्लाइड्स अमेरिकेतल्या, मृत्यू कसा घडला त्याच्या नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, अनिश्चित अशा पाच चौकटींच्या, आणि आपल्याकडे काय चालतं ते फक्त शेवटी घाईघाईत. अहो इथे पोस्टमॉर्टेमचे डॉक्टर मुख्यतः कारण लिहितात, नाहीतर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवून मत पेंडिंग, एडीआर (अकस्मात मृत्यूची नोंद) आणि पंचनामा पोलिसांकडे, खून की नाही ते शेवटी कोर्टात ठरतं. त्यात स्लाइडवर अशा मृत्यूंच्या पोलिस चौकशीचं कलम अजून सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) 174 च, 2024 पासून त्याजागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं 194 लागू झालंय हे कोणी बदललंच नाही.

साडेतीन स्टार. सर्टिफिकेटसाठी घेऊ नका, रहस्यकथा लिहीत असाल तर जरूर घ्या, प्रश्नांना सर अजिबात कंटाळत नाहीत.