लग्नाच्या गोधडीसाठी क्विल्टिंगची नक्षी निवडताना: एका सेवेचे परीक्षण

लग्नात भेट देण्याच्या गोधडीचा वरचा थर जोडून झाला, की वरचा थर, मधले भरण आणि अस्तर हे तीन थर एकत्र शिवण्याचे काम, म्हणजे क्विल्टिंग, उरते आणि पुष्कळ जणी ते लाँगआर्म मशीनवर (रुळांवर गोधडी ताणून शिवणाऱ्या मोठ्या मशीनवर) काम करणाऱ्या व्यावसायिक क्विल्टरकडे सोपवतात. भाचीच्या लग्नासाठी केलेली गोधडी मीही अशाच एका सेवेकडे दिली होती. टाके सफाईदार होते, पण अनुभवी क्विल्टरकडून तेवढी अपेक्षा असतेच. या सेवेचे खरे मोल मला नक्षी ठरवण्याच्या चर्चेत दिसले, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्याच टप्प्याविषयी आहे.

गोधडी ‘डबल वेडिंग रिंग’ या नमुन्याची होती. एकमेकींत गुंतलेल्या कड्यांचा हा नमुना अमेरिकेत 1920 आणि 1930 च्या दशकांत घरोघरी पोहोचला आणि लग्नाच्या भेटीसाठी तो आजही आवर्जून निवडला जातो. पाचरीच्या आकाराचे लहान रंगीत तुकडे जोडून त्याच्या कमानी होतात. दोन कमानींच्या मध्ये दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा एक तुकडा बसतो आणि प्रत्येक कड्याच्या पोटात, चारही बाजू आत वळलेला, मोठा फिका चौकोन उरतो. क्विल्टिंगचा सगळा प्रश्न या चौकोनाचा असतो, कारण रंगीत कमानींवर टाके फारसे उठून दिसत नाहीत आणि फिक्या कापडावर मात्र प्रत्येक टाका दिसतो.

सेवेचे दोन प्रकार आहेत. एकात एकच नक्षी गोधडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने फिरवली जाते आणि खालच्या जोडणीशी तिचा काही संबंध नसतो. दुसऱ्यात प्रत्येक भागासाठी वेगळी नक्षी ठरवली जाते आणि तिला कस्टम क्विल्टिंग म्हणतात. मी दुसरा प्रकार निवडला होता. तरीही, सगळा वरचा थर गडद छापील कापडांचा असेल तर पहिलाच प्रकार घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. छापील फुलांच्या गर्दीत नाजूक पिसांची नक्षी हरवून जाते आणि तिच्यासाठी दिलेले श्रम कुणाच्या नजरेसही पडत नाहीत. विशेष म्हणजे ही गोष्ट क्विल्टरने पहिल्याच बोलण्यात स्वतःहून सांगितली. स्वतःचे अधिक मोठे काम हातचे जाऊ शकते, अशा वेळी प्रामाणिक सल्ला मिळणे मला महत्त्वाचे वाटते.

नक्षीचा विषय निघण्यापूर्वी तिने बरेच प्रश्न विचारले. गोधडी रोज अंथरुणावर वापरली जाईल की भिंतीवर लावली जाईल, ती मशीनमध्ये धुतली जाईल का, पलंग केवढा आहे, गोधडीचा कोणता भाग गादीच्या वर येईल आणि कोणता बाजूंनी खाली लोंबेल, घडी कशी घातली जाईल, असे ते प्रश्न होते. हे प्रश्न वरवरचे वाटतात, पण निवडीचा पाया तेच आहेत. दांपत्याने ती गोधडी अंगावर घ्यावी अशी माझी इच्छा होती आणि त्या एका उत्तराने अनेक देखण्या नक्ष्या आपोआप बाद झाल्या. प्रदर्शनात मांडायची गोधडी आणि झोपताना पांघरायची गोधडी यांच्या क्विल्टिंगचे निकष वेगळे असतात. लग्नाच्या गोधडीच्या बाबतीत हा फरक वारंवार विसरला जातो, कारण प्रसंग मोठा असला की नक्षीही मोठी आणि दाट हवी असे सगळ्यांनाच वाटू लागते.

त्यानंतर तिने वरच्या थरावर पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट ठेवली. शीटच्या चारही कडांना लाल चिकटपट्टी लावलेली होती, जेणेकरून मार्कर शीटबाहेर घसरून कापडावर रेघ उमटू नये. मधल्या चौकोनासाठी माझ्या मनात पिसांचे वलय होते, कारण लग्नाच्या गोधड्यांमध्ये ते फार दिसते. तिने ते शीटवर काढून दाखवले आणि अडचण लगेच डोळ्यांसमोर आली. चौकोनाच्या बाजू आत वळलेल्या असल्यामुळे त्यात मावणारे वलय अपेक्षेपेक्षा बरेच लहान झाले आणि चारही टोकदार कोपरे रिकामे पडले. ते कोपरे भरण्यासाठी वेगळे तुकडे काढावेत तर नक्षीचा एकसंधपणा जातो. मग तिने वलय पुसले, मध्यबिंदूतून चार देठ निघून प्रत्येक कोपऱ्याकडे वळत जातील असे काढले आणि त्या देठांच्या दोन्ही बाजूंना पिसे भरली. कोपऱ्याकडे जागा अरुंद होते तशी पिसेही लहान होत गेली. आकार आपल्या जागी बसला आणि कड्याची गोलाई आतून उचलून धरली जाऊ लागली. कागदावरच्या किंवा पडद्यावरच्या चित्रात ही निवड मला कधीच करता आली नसती. प्रत्यक्ष कापडावर, प्रत्यक्ष मापात पाहिल्यावरच ती पटली.

कमानींसाठी तिने साध्या सलग वळणाची रेघ सुचवली. ती रेघ एका पाचरीच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत किंचित झुकत जाते, प्रत्येक शिवणीच्या टोकाला स्पर्श करते आणि कमानीच्या दुसऱ्या कडेने परत येते. दोरा कुठेही तोडावा लागत नाही, त्यामुळे गाठी कमी होतात आणि रोज वापरायच्या वस्तूत तो मोठा फायदा आहे. शिवाय शिवणीच्या अगदी खाचेतून टीप घालण्याची गरज उरत नाही. इतक्या लहान तुकड्यांच्या जोडणीत खाचेतून जाणारी टीप जराशी जरी हलली तरी लगेच दिसते. निमुळत्या तुकड्यांमध्ये फक्त पानाची मधली शीर आणि तिच्या दोन बाजूंना एकेक रेघ एवढेच ठेवले. तिथे आणखी काही न घालण्याचा तिचा आग्रह मला पूर्ण पटला.

मतभेद झाला तो पिसांच्या मागच्या जागेवरून. पिसे उठून दिसायची असतील तर त्यांच्या भोवतीचे कापड दाट टाक्यांनी सपाट बसवावे लागते. तिने आधी खड्यांसारख्या बारीक, एकमेकांना चिकटलेल्या वर्तुळांची भरण सुचवली. नमुन्याच्या तुकड्यावर ती अतिशय सुंदर दिसत होती, पण तो तुकडा हातात घेऊन वाकवला तेव्हा पुठ्ठ्यासारखा लागला. एवढे दाट टाके गोधडीची लवचीकता घालवतात आणि अंगाभोवती ती नीट पडत नाही. माझी हरकत तिने ऐकून घेतली आणि त्याऐवजी पाऊण इंच अंतराच्या तिरप्या रेघांची चौकडी सुचवली. पिसांचा उठाव थोडा कमी झाला, हे खरे. पण गोधडी मऊ राहिली आणि सरळ रेघांच्या शेजारी पिसांची वळणे अधिक मोकळी दिसू लागली. हा बदल करून घेतल्याचे मला आजही समाधान आहे.

दाटपणाविषयी तिने समजावलेली आणखी एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. टाके जिथे दाट पडतात तिथे कापड आखडते आणि जिथे विरळ असतात तिथे ते मोकळे राहते. मधला भाग दाट भरून कडा रिकाम्या सोडल्या, तर कडांना झोल येतो. उलट केले तर मध्यभाग फुगतो. त्यामुळे नक्षी निवडताना प्रत्येक भाग सुटा पाहून चालत नाही, तर संपूर्ण गोधडीवर टाक्यांची घनता साधारण सारखी राहील का, हे पाहावे लागते. बॅटिंगच्या, म्हणजे मधल्या भरणाच्या, वेष्टनावर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेले असते आणि त्यापेक्षा मोठी मोकळी जागा ठेवल्यास धुण्यात भरण सरकू शकते. आम्ही लोकरीचे बॅटिंग घेतले, कारण ते हलके असते, घडीच्या खुणा फारशा धरत नाही आणि पिसांना चांगला उठाव देते. सुती बॅटिंग अधिक सपाट राहते आणि धुतल्यावर थोडे आटून गोधडीला जुनी, सुरकुतलेली छटा देते. ज्यांना ती आवडते त्यांनी तेच घ्यावे.

दोऱ्याची निवड झटपट झाली. रिळावर दोरा नेहमी गडद भासतो, म्हणून त्याची एकेरी लड उलगडून कापडावर पसरली आणि थोडे दूर जाऊन पाहिले. शुभ्र दोरा फिक्या कापडावर टोचत होता. सायीच्या रंगाचा बारीक दोरा मिसळून गेला आणि सगळीकडे तोच वापरला.

वधूवरांची आद्याक्षरे मधोमध मोठ्या अक्षरांत घालण्याचा पर्यायही समोर ठेवला गेला. अनेकांना तो आवडतो. मला मात्र गोधडीच्या मध्यभागी अक्षरे नको होती, कारण नमुन्यातच दोन कडी गुंतलेली असताना तीच गोष्ट पुन्हा अक्षरांत सांगावी लागू नये. शेवटी खालच्या एका कोपऱ्यातल्या चौकोनात, त्याच रंगाच्या दोऱ्याने, लहान आकारात आद्याक्षरे आणि वर्ष आले. हात फिरवला तरच ती जाणवतात.

प्रत्यक्ष कामात तिरप्या रेघा पट्टीच्या आधाराने हाताने मारल्या होत्या आणि पिसांची नक्षी संगणकाने चालवली होती. हाताने जोडलेले चौकोन मापाला तंतोतंत सारखे कधीच नसतात. एकाच मापाची नक्षी सगळीकडे चालवली असती तर काही ठिकाणी पिसे कमानींवर चढली असती. इथे प्रत्येक चौकोन मोजून नक्षी त्या मापाला बसवली होती. अस्तराच्या बाजूनेही दोऱ्याचा ताण सारखा होता, कुठे लूप नव्हते की चुणी नव्हती.

दोन तक्रारी आहेत. पहिली अशी, की चर्चेनंतर अंतिम आराखडा फक्त छायाचित्रांच्या रूपात आला आणि कोणत्या भागात कोणती नक्षी, किती अंतराने, कोणत्या दोऱ्याने, असा लेखी तक्ता मागून घ्यावा लागला. एवढ्या तपशिलाच्या कामात तो न मागता मिळायला हवा. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या नमुन्याची बाहेरची कड कमानींप्रमाणे वळणावळणाची असते आणि तिला उरेब पट्टीचा गोट लावावा लागतो. कडेच्या निमुळत्या तुकड्यांतल्या पानांची टोके कापडाच्या अगदी काठापर्यंत नेली होती, त्यामुळे पाव इंचाचा गोट लावल्यावर काही टोके त्याखाली गेली. गोटासाठी किती जागा सोडायची, हे नक्षी ठरवतानाच बोलले जायला हवे होते. दुरून पाहणाऱ्याला ते कळत नाही, पण इतर सर्व ठिकाणी इतकी काळजी घेतलेली असताना ही उणीव डोळ्यांत भरते.

या सेवेकडे गोधडी देणार असाल, तर अस्तर वरच्या थरापेक्षा प्रत्येक बाजूला किमान 4 इंच मोठे ठेवा, कारण ते मशीनच्या रुळांना जोडावे लागते. वरचा थर नीट इस्त्री करून न्या, मागचे लोंबते दोरे कापा आणि कडा ताणल्या गेल्या नाहीत ना, हे पाहा. जोडणीत आलेला झोल क्विल्टिंगने पूर्णपणे जात नाही. आखणीसाठी पाण्याने जाणारी निळी शाई वापरलेली असेल, तर गोधडी हाती आल्यावर आधी थंड पाण्यातून काढावी आणि तोवर तिला इस्त्री लावू नये, कारण उष्णतेने त्या रेघा पक्क्या बसू शकतात. आमच्या गोधडीबरोबर ही सूचना लिहून आली होती आणि त्यानुसार केल्यावर एकही निळी रेघ मागे राहिली नाही.