जळगाव-भुसावळ अपडाऊन: रेल्वेचा पास की एसटीचा?

भाऊ, पास कोणता काढू म्हणून अडकलायस, तर पैशात रेल्वेच, एसटी जवळपासही येत नाही. एसटीत २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं, पण वहिनींनी तो काढूच नये, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, २६ दिवस गेल्या तरी १३ दिवसांचंच भाडं होतं. रेल्वेत जनरल डब्यात दारातच उभं राहायची तयारी ठेव, सुपरफास्टचा सरचार्ज वेगळा. अन् स्टेशनपासून पुढची रिक्षा दोन्ही पासात नाही, तो खर्च धरूनच हिशोब कर, रेल्वे-एसटी-रिक्षा मिळून एकच पास निघाला तर मी पहिला घेईन. ऑफिस स्टेशनजवळ असेल तर रेल्वे, हायवेला नशिराबाद-साकेगावकडे उतरायचं असेल तर एसटी.