बोअरला तळापर्यंत केसिंग, की वरच्या मुरुमापुरतं?

बोअर मारून होतो, पाणी लागतं, आणि गाडीवाला विचारतो, "मालक, केसिंग किती?" केसिंग म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून आत उतरवायचा पाइप. गाडीला पुढच्या गावाला जायचं असतं. त्यामुळं ज्याच्यावर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत तो निर्णय पाच मिनिटांत होतो. औसा तालुक्यातल्या आमच्या रानात दोन बोअर आहेत, एकमेकांपासून जेमतेम पाऊणशे पावलांवर. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते 2016 साल. पहिला बोअर त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला. त्याला वरच्या 40 फुटांतच केसिंग आहे, खाली नुसता खडक. दुसरा 2020 चा, त्यात तळापर्यंत पाइप आहे. भूजल कायद्यानुसार 60 मीटरच्या पुढं 'खोल विहीर' धरतात, म्हणून दोन्ही 200 फुटांच्या आत ठेवले.

आधी उघड्या बोअरची बाजू मांडतो, कारण ती कमजोर नाही. पैसे वाचतात. दुसऱ्या बोअरला पाइपचा खर्च बोअर मारण्याच्या खर्चाइतका, थोडा जास्तच आला. दुसरं म्हणजे साडेसहा इंची बोअरमध्ये 6 इंची मोटार उतरते. आत 5 इंची पाइप गेला की 4 इंची मोटारीवरच भागवावं लागतं. पाणी भरपूर असेल आणि लांब न्यायचं असेल, तर ही अडचण खरी आहे. आणि सगळा बोअर काळ्या पाषाणात गेला असेल, तर तो पाषाणच केसिंगचं काम करतो. आमच्या चुलत्यांचा तसा बोअर आहे. त्यांना मी कधीच पाइप टाका म्हणालो नाही.

पण आपल्याकडं पाषाण सलग नसतो. लाव्हाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेत. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं 617 मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा हे थर 338 मीटरपर्यंत होते. प्रत्येक थराच्या माथ्याला मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक, आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी गेरू, म्हणजे मऊ लाल मातीचा थर. पाणी बहुतेक या सांध्यांच्या आसपासच मिळतं. म्हणजे जिथं पाणी, तिथंच शेजारी गेरू.

पहिल्या बोअरला तो 112 फुटांवर लागला. हॅमरच्या हवेबरोबर येणारा राखाडी फुफाटा एकदम विटकरी झाला. एजंट म्हणाला, धुऊन निघेल. मीही मान डोलावली.

तो धुऊन निघाला नाही. मोटार चालू झाली की बोअरमधलं पाणी उतरतं, बंद झाली की परत चढतं. गेरू रोज भिजतो, रोज सुकतो, आणि पापुद्र्यानं सुटतो. मोटार सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं लाल पाणी. पाटानं पाणी देणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. माझ्याकडं टोमॅटो ठिबकवर आहे. लाईट रात्रीची असली की मोटार रात्री एकला सुरू व्हायची. स्टार्टरला ऑटो बसवलेला, पण त्याचा मला उपयोग नव्हता, कारण फिल्टरसाठी उठावंच लागायचं. बॅटरी दातात धरायची, झाकण फिरवायचं, जाळी बाहेर काढायची. जाळीवर कुंकू कालवल्यासारखा चिखल बसलेला असायचा, बोट फिरवलं की नुसता पसरायचा. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो काढायचो. अर्ध्या तासानं फिल्टरवरचा काटा परत चढलेला. एखाद्या रात्री उठणं झालं नाही, तर माती पुढं नळ्यांत जायची आणि शेवटच्या ओळीचे ड्रिपर बंद पडायचे. ॲसिड सोडून पाहिलं. ॲसिडनं क्षार जातात, माती जात नाही. तीन हंगाम हे केलं. माझ्यापुरता निर्णय या जाळीनंच केला, पाण्याच्या कमी-जास्तीनं नाही.

दुसऱ्या बोअरच्या वेळी माझा आतेभाऊ हजर होता. त्यानं मुंबईजवळ समुद्रात तेलाच्या रिगवर बरीच वर्षं काढली आहेत. 'सागर सम्राट'नं 1974 मध्ये मुंबई हायचं तेल शोधलं, तेव्हापासूनच्या गोष्टी त्याला पाठ आहेत. तो म्हणाला, आमच्याकडं भोक पाडणं हे अर्धंच काम. टप्प्याटप्प्यानं केसिंग उतरवायचं, पाइप आणि खडकाच्या मधल्या फटीत सिमेंट दाबायचं, म्हणजे एका थरातलं पाणी दुसऱ्या थरात जात नाही. मग तेलाच्या थरासमोर बरोबर खोली मोजून आत गन उतरवतात आणि स्फोटानं पाइपला, सिमेंटला, खडकाला छिद्रं पाडतात. बाकीचा पाइप कोरा. खडक पक्का असेल तर तेही तळाचा भाग उघडा ठेवतात, हेही त्यानं सांगितलं.

आम्ही त्याचं गावठी रूप केलं. गाडीचा एकेक रॉड खाली गेला की मुलीनं मूठभर चुरा पिशवीत भरून वर खोली लिहिली. गेरू 108 ते 117 फूट, पाणी 140 ला आणि थोडं 172 ला. गेरूसमोर आणि त्याच्या खाली 15 फूट कोरा पाइप, पाण्याच्या दोन जागी चिरांचा पाइप, खालचं टोक बंद. सिमेंट दाबण्याइतकी फट आपल्या बोअरमध्ये राहत नाही, त्यामुळं बाहेरून लाल पाणी खाली उतरेल ही भीती होती. पहिला महिना थोडं आलंही. नंतर थांबलं. गेरू फुगून पाइपला चिकटून बसला असावा, असं मला वाटतं.

पाइपच्या चिरांनी पाणी कोंडतं, असं गाडीवाले सांगतात. पाणी किती इंची येतं ते मी मोजलं नाही. अर्धा एकर टोमॅटो दोन्ही बोअरवर साधारण तेवढ्याच वेळात भिजतो, एवढं खात्रीनं सांगतो. दुसऱ्या बोअरचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुतो, तोही दिवसा.

म्हणून तुमच्या बोअरला लाल चुरा आलाच नसेल, तर खर्च करू नका. आला असेल आणि ठिबक असेल, तर माझं मत पाइपच्या बाजूनं आहे. पाइप मात्र गाडी उभी असतानाच उतरवा. मी आता जुन्या बोअरमध्येही टाकायचं म्हणतोय. परवा मोटार वर काढून दोरीला वजन बांधून आत सोडलं, तर 190 फुटांचा बोअर 161 वर टेकला. खालचे 29 फूट गाळानं भरलेत. आधी कॉम्प्रेसर लावून तो काढावा लागेल, मग पाइप.